एकोणचाळिसावी पिन

हरकती नोंदवायला सरकारने साठ दिवस दिले होते. त्यातले एकोणसाठ दिवस दुकान नेहमीसारखं चाललं, आणि साठाव्या दिवशी, रविवारी दुपारी अडीच वाजता, अर्धवट उचललेल्या शटरखालून वाकून एकेक भागीदार आत आला. अप्पांनी मृत्युपत्रात दुकान आई, दादा, ताई आणि धाकटा वकील अशा चौघांच्या नावे केलं होतं. कुठल्याही सरकारी कागदावर चौघांच्याही सह्या हव्यात, अशी अट घातली होती. अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत चौघांचं एकमत एकदाच झालं होतं, पंखा बदलायला हवा यावर. पंखा अजून तोच होता.

वकिलाने काउंटरच्या काचेवर मसुद्याची चौदा पानं पसरली. काचेखाली काडतुसांचे रिकामे खोके मांडले होते, मागच्या कपाटात बंदुका उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या चापाभोवतीच्या कडीतून एकच लांब साखळी ओवलेली होती. वकील खुशीत होता. वीस वर्षांच्या वकिलीत घरच्यांनी त्याला आपण होऊन काही विचारलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"तर बघा. कलम अकरा. विक्रेत्याने गिऱ्हाईकाला हत्यार द्यायला नकार दिला किंवा उशीर केला, तर त्याच दिवशी लेखी कारण द्यायचं. कलम बारा. दुकानात ठेवीला असलेलं प्रत्येक हत्यार नव्वद दिवसांत अधिकाऱ्यापुढे तपासून घ्यायचं, सगळे भाग जागेवर हवेत. आणि कलम सतरा. विक्रीचा परवाना वारसाने पुढे जाणार नाही."

"म्हणजे माझ्यामागे दुकान बंद," दादा म्हणाले.

"तुझ्यामागे कशाला? परवान्यावर मुख्य नाव आईचं आहे. आईच्या मागे."

सगळ्यांनी आईकडे बघितलं, आणि आपण कशासाठी बघितलं हे लक्षात आल्यावर पंख्याकडे बघितलं.

"मी आहे अजून," आई म्हणाली. "चहा करणार असाल तर बिनसाखरेचा."

दादांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, चहा आधीच केला होता. वहिनी भागीदार नव्हत्या. त्या फक्त एकतीस वर्षं दुकानाची नोंदवही लिहीत होत्या. कुठली बंदूक कुठल्या कप्प्यात आहे हे फक्त त्यांनाच सांगता येत असे, त्यामुळे त्यांची सही कुठेच लागत नसे.

पहिल्या आठ हरकती अर्ध्या तासात आटोपल्या. त्या विक्रेत्यांच्या संघटनेने छापूनच पाठवल्या होत्या आणि त्यांत 'अन्यायकारक' हा शब्द सतरा वेळा होता. नववी मात्र वकिलाची स्वतःची होती. ती वाचण्यासाठी तो उभा राहिला.

"आमच्या दुकानाचे संस्थापक, कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना, संशय आलेल्या गिऱ्हाईकाचे हत्यार रोखून धरीत व त्यातील पिन काढून वेगळी ठेवीत. या प्रथेमुळे गेल्या एकावन्न वर्षांत आमच्या दुकानातून गेलेल्या हत्यारामुळे एकही अनर्थ घडलेला नाही. सबब अशा सचोटीच्या विक्रेत्यांवर लेखी कारणाची सक्ती करणे म्हणजे..."

"वा," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मान वळवून ते अप्पांच्या फोटोकडे पाहू लागले. अप्पा फोटोतही गिऱ्हाईकाचे हात बघत असल्यासारखे दिसत.

अप्पांची ही पद्धत गावभर माहीत होती, फक्त कुणी मोठ्याने बोलत नसे. परवाना बघून झाला की अप्पा माणसाकडे बघत. हात कसे आहेत, आवाज कुठे चढतो, घरातल्या कुणाचं नाव किती वेळा निघतं. काही खटकलं की म्हणत, "स्प्रिंग यायची आहे. गुरुवारी या." वार कुठलाही असो, उत्तर गुरुवार. मग संध्याकाळी त्या बंदुकीतली पिन काढून घेत. ही बोटाच्या पेराएवढी लोखंडी पिन काडतुसाच्या बुडावर आपटते तेव्हाच बार होतो. मधल्या दिवसांत चुकून कुणाच्या हातून बंदूक बाहेर गेलीच, तर ती नुसतं लाकूड आणि लोखंड म्हणून जावी, एवढाच त्यामागचा हिशोब. पिनेला चिठ्ठी बांधून ती बिस्किटांच्या डब्यात पडे. गुरुवारपर्यंत निम्म्या लोकांचा राग उतरे. उरलेल्यांना पुढचा गुरुवार मिळे. काही परत आलेच नाहीत. त्यांच्या बंदुका अजून मागच्या खोलीत होत्या.

"सोबत यादी जोडू," वकील म्हणाला. "इतक्या बंदुका, इतक्या पिना. आकडा असला की कागदाला वजन येतं. वहिनी, मोजता का जरा?"

वहिनी मागच्या खोलीत गेल्या. बंदुका नोंदवहीत होत्या, अडतीस. मग त्यांनी डबा उघडला, तेलकट कागदावर पिना ओळीने मांडल्या आणि दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायची त्यांची इच्छा नव्हती, तरी मोजल्या. मग कागद तसाच उचलून बाहेर आणला आणि काउंटरवर ठेवला.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या.

"एक जास्तीची असेल."

"भावजी, तुमच्या घरात चमचा जास्तीचा असेल. इथे पिन जास्तीची नसते."

ताईने चष्मा लावला. ती मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि दुसऱ्याचं अक्षर बघितलं की आपोआप तपासायला लागत असे. ती एकेक चिठ्ठी वाचू लागली.

"हे बघा. 'दुनळी दोनशे सहा. हात थरथरतात.' ही 'सुनेचं नाव चार वेळा काढलं.' ही बघा, 'फार हसत होता.'" ती स्वतःच हसली. "लेखी कारण द्यायला आपला विरोध आहे ना रे? अप्पांनी प्रत्येकाचं दिलंय."

"गिऱ्हाईकाला नव्हतं दिलं," वकील म्हणाला. "तोच मुद्दा आहे."

"आणि ही. 'एकनळी चारशे सतरा. भावाशी वाद. गुरुवारी बघू.'"

"चारशे सतरा आपल्याकडे नाही," वहिनी म्हणाल्या.

आईने चहाचा कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही, पण वहिनींनी ते बघितलं.

पावतीपुस्तकं वरच्या फळीवर वर्षवार रचलेली होती. वहिनींना स्टूल लागलं आणि साडेतीन मिनिटं लागली. तेवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, मधलं पान. पावती गिऱ्हाईकाने नेलेली, स्थळप्रत जागेवर. एकनळी बंदूक, क्रमांक चारशे सतरा, सर्व्हिसिंग करून परत. मालक: बँकेचा रखवालदार. वार बुधवार. खाली दुकानाच्या प्रत्येक पावतीवर असते ती छापील ओळ, 'वस्तू चालू स्थितीत मिळाली', आणि त्या ओळीखाली रखवालदाराची सही, एकेक अक्षर सुटं काढलेली.

वरचं अक्षर दादांचं होतं.

"बुधवारी मी होतो काउंटरवर," दादा म्हणाले. ते हळूहळू बोलत होते, जणू पावतीच त्यांना सांगत होती. "अप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. हा आला. म्हणाला, आज रात्रपाळी आहे, बंदुकीशिवाय उभं केलं तर साहेब घरी पाठवतो. पावती बरोबर होती. बंदूक पुसून ठेवलेली होती, तेल दिलेलं होतं. मी दिली."

"चालवून नाही बघितली?" वकिलाने विचारलं.

"अप्पांनी केलेलं काम मी तपासणार? तू तपासलं असतंस?"

अप्पांचं काम कुणीच तपासलं नसतं. या घरात ती पद्धत नव्हती.

"रात्रपाळी," ताई म्हणाली. "बँकेचा रखवालदार." तिने चष्मा काढला. "अरे, हा आमच्या मावशींचा नवरा."

शाळेतल्या शिपाईबाईंना सगळी शाळा मावशी म्हणत असे. त्यांच्या नवऱ्याची गोष्टही सगळ्या शाळेला माहीत होती. बँकेच्या दारात दोन माणसं आली. रखवालदाराने बंदूक रोखली, घोडा पडला, बार झाला नाही. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा तेच. कॅशियर आतून बघत होता. त्याने जबानीत सांगितलं होतं की समोरचा माणूस आधी दचकला आणि मग हसला. रखवालदार दारातच गेला.

"तो त्या बुधवारनंतर नऊ दिवसांनी गेला," वहिनी म्हणाल्या. आकडे त्यांना आठवत, इलाज नव्हता.

"पण पोलिसांनी बंदूक तपासून घेतली होती," वकील म्हणाला. "काडतूस दमट निघालं. तज्ज्ञाचा दाखला होता."

"गावात तज्ज्ञ कोण होता?" आईने विचारलं.

पंखा एका बाजूला कलून फिरत होता.

दाखल्याची प्रत पावतीपुस्तकाच्या शेजारच्याच फाइलमध्ये निघाली, कारण या दुकानात काहीच टाकत नसत. दुकानाचा छापील कागद, दुकानाचा शिक्का, अप्पांची सही. 'यंत्रणा निर्दोष. पिन जागेवर व उत्तम स्थितीत. काडतूस दमट असल्याने बार झाला नाही.'

"पिन जागेवर कशी?" वकील म्हणाला. "पिन तर ही इथे..."

दादा बाकावर बसले. आपण कधी बसलो हे त्यांना कळलं नाही. त्यांना मागच्या खोलीतला लेथ दिसत होता. रखवालदार गेला त्यानंतरच्या सोमवारची सकाळ होती. अप्पा मागे येऊन म्हणाले होते, एक पिन करून दे, एकनळीची. कुठल्या बंदुकीची ते सांगितलं नाही. दादांनी दोन तास घालवले, टोक तीनदा घासलं. अप्पांनी ती चिमटीत धरून उजेडात फिरवली आणि म्हणाले, चांगली झालीय. दुकानातल्या एकोणतीस वर्षांच्या सहवासात अप्पा त्यांना एवढं एकदाच म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी त्यांना काउंटरवरून काढून कायमचं लेथवर बसवलं. तुझा हात चांगला आहे, म्हणाले. दादांनी हे वाक्य धाकट्याच्या लग्नात सांगितलं होतं, मुलांना सांगितलं होतं, आणि मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरलाही सांगितलं होतं.

"ती मी केलेली," दादा म्हणाले.

"तुला कळू नये म्हणून काउंटरवरून काढलं," आई म्हणाली. "नाहीतर कुणीतरी कधीतरी तुझ्यासमोर त्या बुधवारचं नाव काढलं असतं. तुला वाचवलं असं त्यांना वाटायचं."

"तुला माहीत होतं?"

"गुरुवारी ऑपरेशनची पट्टी बांधूनच दुकानात आले. डबा उघडला, कपाट बघितलं. घरी येऊन म्हणाले, बंदूक गेली आणि पिन राहिली. मी म्हटलं, मग निरोप पाठवा. तर म्हणाले, काय निरोप पाठवू? तुझ्या ड्युटीच्या बंदुकीतली पिन मी तुला न विचारता काढली, कारण तू भावाबद्दल वाईट बोललास? म्हणाले, भावाभावांचं मिटू दे, तोवर ती तशीच बरी. पुढच्या गुरुवारी बोलावतो, स्प्रिंगचं निमित्त सांगून बसवून देतो." आईने कप बाजूला सरकवला. "पुढच्या गुरुवारी डोळा दुखत होता. त्याच्या पुढचा गुरुवार आलाच नाही."

"मग नवी कशाला? हीच का नाही बसवली?" दादांनी विचारलं.

"मीही तेच म्हटलं होतं. म्हणाले, ही डब्यातच राहू दे, कधीतरी कुणीतरी मोजेल." तिने वकिलाकडे बघितलं. "तू मोजायला लावशील असं त्यांना वाटलं नसेल. तुझ्याकडून त्यांना फारशी अपेक्षा नव्हती."

वकिलाच्या डोक्यात तोपर्यंत सगळं उलगडलं होतं, आणि उलगडल्यावर त्याने ते लगेच पुन्हा गुंडाळायला घेतलं. धंद्याची सवय.

"ऐका. अप्पा नाहीत. रखवालदार नाही. बंदूक पोलिसांनी केव्हाच वितळवली असेल. उरली ही एक पिन. यादीत अडतीस बंदुका, अडतीस पिना लिहू. ही समोरच्या गटारात. दाखला खोटा होता हे बाहेर आलं तर कलम सतराची वाट बघायला नको, परवाना उद्याच जाईल. आणि चौकशीला आईला बोलावतील. ऐंशीव्या वर्षी."

"एक्याऐंशी," आई म्हणाली.

"आणि सांगून कुणाचं भलं होणार आहे? तेवीस वर्षं झाली. मावशी सुखात आहेत."

"सुखात?" ताई म्हणाली.

ताईच्या आवाजात शाळा आली होती, त्यामुळे वकील आपोआप खाली बसला.

"मला अप्पांनी जन्मात एकच काम सांगितलं. त्या बाईला शाळेत लावून घे. मला कौतुक वाटलं, बघा आमचे वडील. दर वर्षी नोकरीच्या तारखेला ती माझ्या पाया पडते. म्हणते, तुमच्या वडिलांचे उपकार. आणि तुला माहितीये ती खडूचे खोकेसुद्धा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते? हजेरीपट, डस्टर, सगळं. पहिल्या वर्षी मी ओरडले, म्हटलं काय हा वेडेपणा. तेव्हा म्हणाली, बाई, काडतुसं मी न्हाणीजवळच्या फळीवर ठेवायचे. घरात दुसरी फळी नव्हती. ती दमट झाली. ते माझ्यामुळे गेले." ताईने दाखला उचलला आणि परत ठेवला. "आपल्या शिक्क्याच्या कागदावर लिहिलंय म्हणून ती तेवीस वर्षं हे म्हणते आहे. उद्या सकाळी साडेसातला ती घंटा देणार आणि मला नमस्कार करणार. मी काय करू, वकीलसाहेब? तुझं कुठलं कलम लावू?"

वकिलाने घड्याळाकडे बघितलं. चार पंचवीस.

दादा उठले. काउंटरपाशी आले आणि नवव्या हरकतीचं पान उचललं. एकही अनर्थ घडलेला नाही. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ऐकताना भरून आलेले डोळे आता कोरडे होते.

"ही काढ," ते म्हणाले.

"दादा, ही काढली तर कलम अकराला आपला विरोध राहत नाही."

"नकोच राहायला. अप्पांनी कारण त्याला लिहून दिलं असतं, तर तो चिडला असता. शिव्या घालून गेला असता. दुसऱ्याकडून पिन बसवून घेतली असती." दादांनी पान दुमडलं. "भावाशी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित अप्पांचंच बरोबर असेल. पण तो दारात उभा होता तेव्हा त्याला वाटत होतं की हातात बंदूक आहे."

बाकीच्या आठ हरकतींवर चौघांनी सह्या केल्या. हे नऊ वर्षांतलं दुसरं एकमत. वकिलाने चार एकावन्नला पत्र सरकारच्या संकेतस्थळावर चढवलं आणि लगेच उत्तर आलं: आपल्या सूचनांचे स्वागत आहे, हा क्रमांक जपून ठेवावा. क्रमांक कुणीच लिहून घेतला नाही.

"मावशींना मी सांगतो," दादा म्हणाले. "दिली मी होती."

"कधी?" ताईने विचारलं.

"आता आज रविवार. उद्या दुकान, परवा तपासनीस येतोय." ते खरोखरच विचार करत होते. "गुरुवारी जातो."

बोलून झाल्यावर त्यांनी फोटोकडे बघितलं नाही. दुसऱ्या कुणीही बघितलं नाही.

"धाकट्या," आई म्हणाली, "माझ्या चपला बघ रे. शटरपाशी काढल्यात."

"तू कुठे निघालीस?"

"निरोप द्यायचा राहिलाय."

"आई, परवाना..."

"परवान्यावर माझं नाव आहे ना? मग चपला आण."

वकिलाने चपला आणल्या. वाकून त्या आईच्या पायात घातल्या. दादांनी एकोणचाळिसावी पिन रुमालात घेतली, चिठ्ठीसकट. ताईने पर्स उचलली. मावशींचं घर तिलाच माहीत होतं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "पावतीशिवाय काही बाहेर जात नाही."

त्यांनी चालू पावतीपुस्तक ओढलं, कार्बन सरळ केला आणि लिहिलं: एक पिन, एकनळी क्रमांक चारशे सतराची, तेवीस वर्षांनी परत. दाखल्याची प्रत सोबत. घेणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी होती, आणि त्या जागेच्या वर नेहमीची छापील ओळ होती, 'वस्तू चालू स्थितीत मिळाली'. वहिनींनी पट्टी घेतली, ती ओळ एका रेघेत खोडली, आणि मग पावती फाडून दादांच्या हातात दिली.